मुलांच्या हाती ऑशविट्झ द्यायचं की नाही

शिक्षक-पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. म्हणणं असं: दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या छळातून वाचलेल्या ज्यूंच्या आठवणी शाळेत वाचायला देऊ नयेत. साठ लाख मारले गेले हे धड्यात आहेच, तेवढं पुरे. बाकीचं वाचून मुलं घाबरतात, शिवाय त्या आठवणी उशिरा लिहिलेल्या, बेभरवशाच्या, आणि त्यांतून द्वेष रुजतो. कुणाला वाचायचंच असेल तर पुस्तक वाचनालयात ठेवा. खाली जोडलेल्या हातांचं चित्र.

मी इतिहास शिकवते. मला यातलं थोडं पटतं, बरंचसं पटत नाही. उदाहरणं मुख्यतः एकाच लेखकाची घेते. प्रीमो लेव्ही, इटलीतल्या तुरीनचा ज्यू रसायनतज्ज्ञ, १९४४च्या फेब्रुवारीत पोलंडमधल्या ऑशविट्झ या नाझी छळछावणीत नेला गेला. हातावर गोंदलेला क्रमांक १७४५१७.

आधी आकड्याचं बघू. साठ लाख हे मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरतात. लेव्ही चमच्याबद्दल लिहितो. नव्या कैद्याला पातळ सूप मिळे, चमचा मिळत नसे. एक तर कुत्र्यासारखं लपलप प्यायचं, नाहीतर स्वतःच्या तोंडचा पाव देऊन छावणीतल्या चोरट्या बाजारातून चमचा घ्यायचा. छावणी मुक्त झाली तेव्हा गोदामात हजारो कोरे प्लॅस्टिकचे चमचे निघाले. शिवाय ॲल्युमिनियमचे, पोलादाचे, अगदी चांदीचेही, येणाऱ्यांच्या सामानातून काढून घेतलेले. म्हणजे टंचाई नव्हतीच. माणसाला जनावरासारखं खायला लावायचं होतं. या पानावर रक्ताचा थेंब नाही, पण रोज डबा उघडणाऱ्या मुलाला ते कळतं.

मुलं घाबरतील, हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) स्मारक संग्रहालयही अशा आठवणी साधारण सहावीपासून पुढेच द्या म्हणतं, आणि वर्गात ‘कैदी आणि पहारेकरी’ असले प्रयोग करू नका असंही बजावतं. प्रेतांची छायाचित्रं दाखवून वर्ग रडवणं म्हणजे शिकवणं नव्हे. पण यातून निघतं ते एवढंच, की पानं निवडून द्यावीत. लेव्हीने १९७३ साली छावणीच्या आठवणींच्या आपल्या पुस्तकाच्या शालेय आवृत्तीसाठी स्वतः टिपा लिहिल्या. पुढे विद्यार्थी पुन्हा पुन्हा विचारत त्या प्रश्नांची उत्तरंही जोडली.

‘उशिरा लिहिलेलं’ हे तर सरसकट खोटं आहे. लेव्ही १९४५च्या ऑक्टोबरात घरी पोचला. एका डॉक्टर सोबत्याबरोबर त्याने लिहिलेला छावणीतल्या आरोग्याचा अहवाल १९४६ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, पुस्तक १९४७ मध्ये. वॉर्सा घेटोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, तर इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लूम आणि त्याचे सहकारी घडत असतानाच सगळं टिपून ठेवत होते. ते कागद पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये पुरले, आणि त्यांतले बरेचसे १९४६ आणि १९५० साली खणून काढले गेले.

बनावट आठवणीही आहेत, हे मान्य. विल्कोमिर्स्की या नावाच्या लेखकाचं, छावणीतल्या बालपणाच्या आठवणींचं म्हणून १९९५ साली आलेलं पुस्तक खूप गाजलं. १९९८ मध्ये एका स्विस पत्रकाराने ते खोटं ठरवलं, पुढच्या वर्षी प्रकाशकाने मागे घेतलं. दस्तऐवज ताडून पाहूनच ते पकडलं गेलं. आठवण आणि दस्तऐवज शेजारी ठेवून वाचणं दहावीच्या मुलांना झेपतं. आणि स्मृती दगा देते हे लेव्हीनेच १९८६च्या पुस्तकात, तेही पहिल्याच प्रकरणात, सांगून टाकलंय.

द्वेषाबद्दल थोडक्यात. लेव्ही जर्मनांचा द्वेष करत नाही, पण पश्चात्ताप न केलेल्यांना माफही करत नाही. छावणीबाहेरचा लोरेंझो नावाचा इटालियन गवंडी सहा महिने त्याला रोज सूप आणून देत राहिला, मोबदल्यात काही न घेता. लेव्हीने आपल्या दोन्ही मुलांच्या नावांत ते नाव गुंफलं. हे वाचून कुणाचा द्वेष करायला शिकायचं? हिटलरचं आत्मकथन मात्र मराठीतही रस्त्यावरच्या स्टॉलवर मिळतं. त्याविरुद्ध जोडलेले हात मला अजून कुणी पाठवलेले नाहीत.

राहिलं वाचनालय. लेव्ही शाळांमध्ये बोलायला जाई. एकदा पाचवीतल्या मुलाने विचारलं, तुम्ही पळून का नाही गेलात? मग त्या मुलाने लेव्हीला छावणीचा नकाशा काढायला लावला आणि बेत समजावला: रात्री पहारेकऱ्याचा गळा चिरायचा, त्याचे कपडे चढवायचे, वीजघरात जाऊन कुंपणाच्या तारांची वीज तोडायची, की निघालो. पुन्हा असं झालं तर मी सांगितलं तसं करा, हेही त्याने अगदी गंभीरपणे सांगितलं.

हा मुलगा हुशार होता. पण नकाशा छावणीपुरताच होता. भादरलेलं डोकं, हातावरचा क्रमांक, उपाशी पाय, न येणारी भाषा, आणि तारांपलीकडेही सगळा नाझींच्या ताब्यातला मुलूख. हे त्याच्या शेजारी बसून कुणी तरी सांगावं लागतं.