भट्टीत गेलेले इंजिन आणि माळ्यावरचा पॅटर्न

कोल्हापुरात मिरजकर तिकटीच्या कट्ट्यावर परवा रात्री वाद पेटला तो निवृत्त वाफेची इंजिने भंगारात काढली हे बरे की वाईट, यावर. आमच्यातल्या फाउंड्रीवाल्याचे म्हणणे रोकडे होते. शिरोलीच्या भट्ट्या भंगारावरच चालतात. तेव्हा इंजिनाच्या सिलिंडरचे बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळून त्याचे पंपाचे केसिंग (बाहेरचे कवच) झाले, तर त्यात गळा काढण्यासारखे काय आहे?

मास्तरांना हे अजिबात रुचले नाही. मिरजेहून येणाऱ्या मीटरगेज गाडीचा धूर पाहत ते लहानाचे मोठे झालेले. त्यांनी वेल्समधल्या बॅरी गावच्या भंगारवाल्याचा दाखला दिला. ब्रिटिश रेल्वेकडून त्याने घेतलेल्या २९७ इंजिनांपैकी २१३ इंजिने हौशी मंडळींनी पुढे विकत घेऊन वाचवली.

"मास्तर, ती वाचली कशी तेही सांगा की," फाउंड्रीवाला म्हणाला. "त्या भंगारवाल्याला वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, तोडणे सोपे पडत होते, म्हणून इंजिने मागे राहिली. वाघिणी संपल्या असत्या तर तुमची इंजिनेही तुटली असती."

हे खरेच आहे, आणि मास्तरही त्यावर क्षणभर गप्प झाले. (गप्प मास्तर हा आमच्या कट्ट्यावर दुर्मीळ योग.) मग मी 'टॉर्नेडो' या नव्याने बांधलेल्या इंजिनाचा विषय काढला. ब्रिटनमधली पेपरकॉर्न ए-वन जातीची ४९ च्या ४९ इंजिने १९६६ पर्यंत सेवेतून काढली गेली आणि पुढे भंगारात गेली, एकही उरले नाही. पण आराखडे उरले होते, आणि त्यांवरून इंग्लंडमधल्या हौशी लोकांनी पन्नासावे इंजिन नव्याने बांधून २००८ साली रुळावर आणले. त्याचा बॉयलर मात्र जर्मनीतल्या मायनिंगनहून करवून घ्यावा लागला. माझे मत असे की लोखंड गेले तरी चालेल, कागद जाता कामा नये.

यावर फाउंड्रीवाला अनपेक्षितपणे माझ्या बाजूला आला. ओतलेले बीड थंड होताना शेकडा एकाच्या आसपास आकसते, म्हणून लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा घेतात तो नमुना, तेवढा मोठा करावा लागतो. नुसत्या जुन्या भागावरून साचा घेतला, तर नवा भाग लहान निघतो. चौथऱ्यावर रंग फासून उभे केलेले इंजिन त्याच्या दृष्टीने असा जुना भागच.

"आणि कोळसा कधी, किती टाकायचा, हे कुठल्या कागदावर लिहिलंय?" मास्तरांनी विचारले. हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये काही इंजिने अजून चालू स्थितीत ठेवली आहेत, ती याचसाठी, असा त्यांचा दावा. चौथऱ्यावरचे इंजिन दोघांनीही निकालात काढले होते, हे मात्र दोघांच्याही लक्षात आले नाही.

उठताना फाउंड्रीवाल्याने कबूल केले की वडिलांच्या काळातल्या एका पंपाचा सागवानी पॅटर्न त्याच्या माळ्यावर पडून आहे. त्या पंपाची मागणी कधीच संपली आहे, आणि जागेची तर त्याला रोज अडचण होते.

"मग जाळत का नाहीस?" मास्तर म्हणाले.

त्याने चहाचे पैसे दिले आणि गाडीला किक मारली.