आपल्यात नर्स कोण होतं?

गेल्या आठवड्यात माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे झालं त्यावर मी चार वेळा उत्तर टाईप केलं आणि चार वेळा पुसलं, म्हणून आता इथे लिहितेय. झालं असं की माझ्या चुलतभावाची मुलगी, सांगलीला असते, तिला नीटमध्ये एमबीबीएस मिळण्याइतके मार्क नाही पडले. मग बीएएमएस करू दे, बीडीएस करू दे, एक वर्ष ड्रॉप घेऊन लातूरला पाठवा, असं सगळं चघळून झाल्यावर पोरीनेच सांगितलं की तिने नर्सिंगची सीईटीपण दिलीय आणि तिला बीएस्सी नर्सिंगच करायचंय. ग्रुपवर एकदम शांतता. मग काकांचा मेसेज. "नर्सिंग? आपल्यात?"

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, गुलाबाच्या फुलाच्या फोटोखाली, "आनंदीबाई १८८३ साली एकटी अमेरिकेला गेली ती डॉक्टर व्हायला. आणि आपल्या घरातली अमेरिकेत जाऊन नर्स होतेय. तिचंच बघून आता ही." शेवटी हात जोडलेले.

ती म्हणजे मी.

तर माझी हकीकत थोडक्यात. वय ३६, सांगलीतून इंजिनिअरिंग, पुण्यात हिंजवडीला चार वर्षं नोकरी, मग लग्न, मग एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर, शिकागोच्या एका सबर्बमध्ये. मुलगी पहिलीत, मुलगा तीन वर्षांचा. आणि आता कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या कोर्सेसच्या स्थानिक सरकारी कॉलेजात, दोन वर्षांच्या नर्सिंग प्रोग्रॅमचं दुसरं सेमिस्टर. आत शिरायच्या आधी ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, मायक्रोबायॉलॉजी, सायकॉलॉजी, इंग्लिश, हे सगळं करता करता दोन वर्षं गेली, त्यातलं मायक्रो मी धाकट्याला अंगावर पाजत ऐकलंय. त्यानंतर टीज नावाची प्रवेश परीक्षा, सीएनएचं, म्हणजे नर्सच्या मदतनिसाचं, सर्टिफिकेट, आणि मग अर्ज. फाफ्सा, म्हणजे सरकारी शिक्षण मदत, आमच्या व्हिसावाल्यांच्या नशिबात नाही, त्यामुळे जे काय पैसे ते खिशातून.

काकांना वाटतं हे म्हणजे काहीतरी पडेल काम करायला लागलीय बिचारी. अहो, इथे सीटच मिळत नाही! माझ्या बॅचला वेटिंग लिस्ट होती. आणि कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय हे आपल्या लोकांना समजावणं अशक्य आहे, त्यांना वाटतं आयआयटी नाही तर काहीच नाही. आमच्या जवळच जोलिएटला अमेरिकेतलं सगळ्यात जुनं पब्लिक कम्युनिटी कॉलेज आहे, १९०१ साली सहा विद्यार्थ्यांवर सुरू झालं. आणि हा दोन वर्षांचा नर्सिंगचा प्रकार मिल्ड्रेड मॉन्टॅग नावाच्या बाईच्या डोक्यातून आलेला, १९५१ च्या तिच्या प्रबंधातून, महायुद्धानंतर नर्सेस कमी पडत होत्या तेव्हा. त्याआधी हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलमध्ये तरुण, बिनलग्नाच्या मुली घ्यायचे, तिथेच राहायचं, तिथेच राबायचं. कम्युनिटी कॉलेजात कोर्स आला आणि लग्न झालेल्या, पोरंबाळं असलेल्या, चाळिशीतल्या बायकांना दार उघडलं. म्हणजे मी काही जुगाड करून घुसलेली नाहीये, हा कोर्स चालू झाला तेव्हापासून माझ्यासारख्या बायका यात आहेतच.

माझ्या वर्गात १९ पासून ५१ पर्यंत वयाची माणसं आहेत. एक बाप्या आधी ट्रक चालवायचा. एकीला तीन मुलं, नवरा नाही, रात्री नर्सिंग होममध्ये काम करून सकाळी वर्गात येऊन बसते. कुणी कुणाला विचारत नाही की तू आधी काय होतीस आणि तुझ्या घरचे काय म्हणाले. आपल्याकडे हे कधी होणार?

हे मी ग्रुपवर जरा जोरातच लिहिलं होतं (हे पुसायच्या आत गेलं). त्यावर दादाचं, म्हणजे त्या मुलीच्या बापाचं उत्तर आलं. "तुला तिकडे डॉलर मिळणार म्हणून हे सुचतंय. इथे पोरीला महिन्याला किती मिळतील ते सांग."

आता याला काय उत्तर द्यायचं. इथल्या सरकारी आकड्यांप्रमाणे २०२३ साली रजिस्टर्ड नर्सचा मधला वार्षिक पगार ८६,०७० डॉलर होता. आणि आपल्याकडे, सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीने २०१६ साली शिफारस काय केली, तर ५० पेक्षा कमी बेडच्या खाजगी हॉस्पिटलात नर्सला महिन्याला निदान २०,००० द्या. निदान. ते तरी किती जणींच्या हातात पडतात ते सांगली-मिरजेतल्या कुठल्याही सिस्टरला विचारा. दादाचं बरोबर होतं आणि म्हणूनच मला जास्त राग आला. पण काकांनी पगाराचं कुठे काढलं होतं? काका "आपल्यात" म्हणाले होते. पोरगी डेंटिस्ट होऊन बारा हजारावर कुणाच्या तरी क्लिनिकात बसली असती तर ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले असते.

आपल्यात म्हणजे कोणात, हे विचारायची आपल्यात पद्धत नाहीये.

मिरज आमच्यापासून किती लांब, दहा किलोमीटर. तिथे १८९४ पासून वॉनलेस डॉक्टरांचं मिशन हॉस्पिटल, आमच्या लहानपणी घरात कुणालाही काही झालं की "मिरजेला न्या". आणि तिथल्या सिस्टर कोण असायच्या? ख्रिश्चन मुली, केरळच्या मुली, कुठली तरी लहानपणी विधवा झालेली बाई. आजी त्यांच्याबद्दल बोलताना म्हणायची, "हात फार चांगला हो तिचा", आणि घरी आल्यावर पहिली अंघोळ. हात चांगला, पण आपल्यातला नको. आनंदीबाईंचं नाव घेणाऱ्या काकांना कुणीतरी हेपण सांगा की रमाबाई रानड्यांनी शंभर वर्षांपूर्वी पुण्यात सेवासदनातून बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं होतं. तेव्हाही लोक हेच म्हणत असणार. आनंदीबाईंचा पुतळा करायला सोपा पडतो, कारण त्या डॉक्टर झाल्या आणि परत आल्यावर काही महिन्यांत गेल्या, रोज त्यांच्या हातचं पाणी प्यायची वेळ कुणावर आली नाही.

असो. माझा दिवस सांगते, म्हणजे "पडेल काम" काय असतं ते कळेल. क्लिनिकलच्या, म्हणजे हॉस्पिटलात प्रत्यक्ष शिकायच्या, दिवशी सकाळी पावणेसातला युनिटवर हजर. डेकेअर उघडतं साडेसहाला. मध्ये २५ मिनिटांचा रस्ता, जानेवारीत बर्फ असेल तर चाळीस. हे गणित कुठल्याही बाजूने सुटत नाही. त्यामुळे मंगळवारी नवरा ऑफिसला उशिरा जातो आणि बुधवारी शेजारच्या गुजराती बेन दोन्ही पोरांना झोपेतून उचलून स्वतःच्या सोफ्यावर टाकतात, मी त्या बदल्यात त्यांना काय देते तर शुक्रवारी पुरणपोळ्या, तेही होतील तेव्हा. डोसेज कॅल्क्युलेशनची परीक्षा ९० च्या खाली गेली तर प्रोग्रॅमच्या बाहेर. बाकी विषयांत ७८ ला पास, ७७.८ म्हणजे नापास, राउंड ऑफ करत नाहीत, आमच्यातली एक पोरगी डिसेंबरमध्ये अशीच गेली.

आणि त्या स्टराईल ग्लोव्हजनी तर माझा जीव घेतला. सोपं वाटतं ऐकायला, हातमोजे घालायचे. पाकीट उघडायचं पण आतल्या कागदाच्या कडेच्या एक इंचाच्या आतल्या भागाला हात लावायचा नाही, पहिला ग्लोव्ह दुमडलेल्या कडेला आतून धरून उचलायचा, दुसरा मात्र ग्लोव्ह घातलेल्या बोटांनी त्या घडीच्या आत बोटं घालून, अंगठा लांब, आणि हात कमरेच्या खाली गेले की संपलं, पहिल्यापासून. मी रात्री दहाला डायनिंग टेबल पुसून त्याच्यावर प्रॅक्टिस करत होते, मुलगी झोपली नव्हती, शेजारी खुर्चीवर गुडघ्यावर बसून बघत होती, आणि माझा अंगठा मनगटाला लागल्यावर म्हणाली, "आई, कंटॅमिनेटेड." सहा वर्षांची. चारदा म्हणाली. पाचव्यांदा गप्प बसली तेव्हा मी समजले की जमलं. माझं सोवळं आजीच्या घरी कधी पाळलं गेलं नाही, मी सगळ्याला शिवायचे, आणि आता बघा.

बरं, हे सगळं मी एकटीने करतेय असं ग्रुपवर भासवलंय, तेपण खोटंच. पहिल्या सेमिस्टरला सासूबाई सहा महिने इथे होत्या. त्या होत्या म्हणून मी पास झाले. भाकरी त्यांची, धाकट्याची शी-शू त्यांची, संध्याकाळची शुभंकरोति त्यांची. इथली बायकांच्या स्वातंत्र्याची जी काय माझी गोष्ट आहे ती सासूबाईंच्या बी-टू, म्हणजे पाहुण्यांच्या, व्हिसाच्या तारखेपर्यंतच चालते. कुकरच्या शिट्ट्यांच्या आवाजात मी हार्ट फेल्युअर वाचलंय.

पण मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे, ते लिहायचं टाळतेय म्हणून हे इतकं लांबलं.

पहिल्या क्लिनिकलला मला मिळाली ८४ वर्षांची पोलिश आजी. बेड बाथ द्यायचा. आधी चेहरा, साध्या पाण्याने, डोळे आतल्या कोपऱ्यातून बाहेर, प्रत्येक डोळ्याला फडक्याची नवी बाजू. अंगावर चादर, धुवायचा असेल तेवढाच भाग उघडा, एक हात, पुसला, झाकला, मग दुसरा. पाणी गार झालं की बदलायचं. पाठीवर आल्यावर ती पोलिशमध्ये काहीतरी पुटपुटली, मला वाटलं दुखतंय, माझ्या इन्स्ट्रक्टर म्हणाल्या, नाही, तिला बरं वाटतंय, हळू कर. मी हळू केलं. आणि मला एकदम बाबा आठवले.

बाबांना २०१९ मध्ये पॅरालिसिसचा झटका आला, मी तीन आठवडे गेले होते. त्यांचं अंग कोण पुसत होतं? सकाळी आई आणि वॉर्डातले एक मामा. मी बाहेर बाकावर बसून डिस्चार्जचं, इन्शुरन्सचं, फिजिओचं बघत होते, म्हणजे सुशिक्षित मुलीने जे बघायचं असतं ते. एका रात्री सलाईन संपत आलेलं, मी काउंटरवर जाऊन ओरडले, "ओ सिस्टर, कळत नाही का, बाटली संपलीय!" ती अख्ख्या वॉर्डाला एकटी होती. आली, बाटली बदलली, काही बोलली नाही. बाबांच्या तोंडातून लाळ गळत होती ती तिने जाता जाता पुसली. मी तिला ताईसुद्धा म्हटलं नाही, नाव तर विचारलंच नाही. आता आईचे गुडघे गेलेत, तिच्याकडे ब्युरोतून एक मावशी येतात, त्या आईला अंघोळ घालतात. आणि मी इकडे पोलिश आजीला.

मग काकांवर चिडायचा मला किती हक्क आहे?

कारण सांगलीत, नाहीतर पुण्यात असते तर मी नर्सिंगला गेले असते का? मेले असते तरी नाही. आयटीत बेंचवर बसले असते पण हे नाही. हे मला इथे सुचलं, कारण इथे बघणारं कोणी नव्हतं. इथे मी कोण, कुठल्या घरातली, हे कुणाला ठाऊक नाही, मी फक्त एक ब्राऊन स्टुडंट नर्स, जिचं नाव बॅजवर आहे आणि तेही कुणाला नीट म्हणता येत नाही. याला हिंमत म्हणतात का ते मला माहीत नाही. हिंमत तर त्या पोरीची, जिला त्याच गल्लीत राहून हे करायचंय, जिथे काका रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसतात.

आणि हे सगळं ग्रुपवर लिहिणं मला जमलं नाही, याचं कारण ऑगस्टमध्ये मी स्टेटसला एक फोटो टाकला होता. नेव्ही ब्लू स्क्रब्ज, गळ्यात स्टेथोस्कोप. खाली काहीच लिहिलं नव्हतं. माहेरच्या ओळखीतल्या निदान नऊ-दहा जणांनी लिहिलं, "अभिनंदन डॉक्टर!", एका मामींनी तर "शेवटी स्वप्न पूर्ण झालं", जे माझं स्वप्न कधीच नव्हतं. मी सगळ्यांना हार्ट दिले. एकालाही सांगितलं नाही. आईला फोनवर "मेडिकलचा कोर्स" म्हणाले होते, तिने त्याचं काय केलं असेल ते केलं असेल. काकांना नर्सिंग हा शब्द कळला तो सासूबाईंकडून, त्या परत गेल्यावर एका लग्नात सहज बोलून गेल्या. अभिमानाने बोलल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

काल भाचीचा, म्हणजे दादाच्या मुलीचा, वेगळा मेसेज आला. "आत्या, पहिल्यांदा घाण वाटली का?" मी लगेच लिहिलं, हो, वाटली, तोंडाने श्वास घे, आणि नंतर वास येतो पण त्याचं काही वाटत नाही. तिने अंगठा दिला. मग तिचा दुसरा मेसेज आला, "आणि तू घरी कसं सांगितलंस?"

तिला ब्लू टिक दिसत असणार.