हो, मी ‘स्वराज्य’च म्हटलं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

उत्तर इटलीतल्या लोम्बार्द शहरांनी बाराव्या शतकात सम्राटाविरुद्ध संघ केला, त्यावरच्या माझ्या लेखात मी त्यांच्या कारभाराला ‘स्वराज्य’ म्हटलं. त्या लेखाखाली आपण काल रात्री लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. नावाच्या जागी ‘एक वाचक’ एवढंच आहे, त्यामुळे मीही तेच म्हणतो. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, आक्षेप चार आहेत. अल्बेर्तो दा जुस्सानो हा वीर दंतकथेतला, आणि मी त्याला खरा धरलं. मिलानने स्वतःच लोदी आणि कोमो ही शेजारची शहरं उद्ध्वस्त केली होती, ते मी गाळलं. बायकांना आणि शेतावर राबणाऱ्या कुळांना या कारभारात जागा नव्हती. आणि शेवटी हे वाक्य : ‘मूठभर धनाढ्यांच्या कारभाराला स्वराज्य म्हणणं ही त्या शब्दाची विटंबना आहे, पण घरबसल्या इतिहास लिहिणाऱ्यांना ते कळायचं नाही.’

पहिला आक्षेप मान्य. संघाने सम्राटाला हरवलं ती लेन्यानोची लढाई, ज्यात जुस्सानो लढला असं सांगतात, २९ मे ११७६ची, आणि जुस्सानोचं नाव चौदाव्या शतकातल्या एका मिलानी धर्मगुरूच्या लिखाणात पहिल्यांदा येतं. मी ते तपासायला हवं होतं. वाक्य आज सकाळी बदललं आहे.

पण चूक दाखवायची एक रीत असते. ‘हे नाव पुन्हा तपासा’ एवढं लिहिलं असतं तरी मी आभारच मानले असते. त्याऐवजी आपण एका नावावरून माणसाची लायकी काढलीत. या एका लेखामागे माझे पाच महिने गेले आहेत. आपली प्रतिक्रिया किती मिनिटांत लिहून झाली, हे आपलं आपल्याला माहीत.

आता ‘विटंबने’कडे येतो, कारण ते वाक्य रात्रभर डोक्यातून गेलं नाही.

स्वराज्य म्हणजे सगळ्यांना सारखा वाटा, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. माझा प्रश्न साधा आहे : शहराचा कारभारी कोण नेमतो? ११५८ साली रोन्कालियाच्या सभेत जर्मन सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने बोलोन्याचे चार कायदेपंडित बसवून ठरवून घेतलं की जकात, टांकसाळ, न्यायदान आणि अधिकाऱ्यांची नेमणूक हे सगळे हक्क सम्राटाचे. मिलानने ते झुगारलं आणि ११६२ मध्ये त्याची किंमत मोजली. लोकांना बाहेर काढून आसपासच्या वस्त्यांत बसवलं, शहर पाडून टाकलं. पाच वर्षांनी, ११६७ मध्ये, क्रेमोना, ब्रेशिया, बेर्गामो आणि इतर शहरांनी एकमेकांना मदत करायची शपथ घेतली आणि मिलानी लोकांना त्यांच्या पडक्या शहरात परत आणून बसवलं. शेवटी ११८३ मध्ये कोन्स्टान्झच्या तहात सम्राटाने मान्य केलं की शहरांनी आपले कॉन्सल, म्हणजे कारभारी, आपण निवडावेत, तट बांधावेत, संघही ठेवावा. कॉन्सलांना अधिकाराची वस्त्रं सम्राटाच्याच नावाने मिळणार, पंचवीस लिऱ्यांच्या वरच्या दाव्यांचं अपील त्याच्याकडे जाणार, हेही त्यात होतं आणि तेही मी लेखात दिलं आहे. पण निवड शहराची. याला मराठीत दुसरा कोणता शब्द आहे? असेल तर सांगा, तो वापरतो.

‘मूठभर धनाढ्य’ म्हणता, तर फ्रायझिंगचा बिशप ऑटो काय म्हणतो ते वाचा. तो बार्बारोसाचा काका, या शहरांबद्दल त्याला प्रेम वाटायचं काहीच कारण नव्हतं. त्याची तक्रार अशी की हलक्या कुळातल्या तरुणांना, हाताने काम करणाऱ्या कारागिरांनासुद्धा ही शहरं सरदारकीचा पट्टा आणि मानाच्या जागा देतात. वैऱ्याच्या घरातला माणूस ज्या गोष्टीवर नाक मुरडतो, ती आपल्याला दिसू नये?

आणि घरबसल्या म्हणालात म्हणून सांगतो. मी २८ वर्षं एका नगरपालिकेत सभा लिपिक होतो. अजेंडा काढायचा, गणपूर्ती मोजायची, सूचक-अनुमोदक लिहायचे, रात्री बारापर्यंत इतिवृत्त पुरं करायचं. ज्या कार्यालयात मी हे केलं, त्या प्रकारच्या कार्यालयाला आपल्या राज्यात ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ म्हणतात. मी लागलो १९८३ साली, तेव्हा सभागृहात एकच स्त्री सदस्य होती आणि बाकीचे बहुतेक आडते, दुकानदार, वकील. तेव्हा कोणी त्या शब्दाची विटंबना झाली म्हणून पत्र लिहिलं नाही.

या शहरांमागे मी का लागलो, तेही त्याच नोकरीत आहे. एका मार्चअखेरीला आमच्याकडच्या एका अधिकाऱ्याची बदली झाली आणि रस्त्याच्या खडीची मोजमाप पुस्तकं अर्धी कोरी ठेवून तो दुसऱ्या दिवशी गेला. ऑडिटचे आक्षेप आले ते माझ्या टेबलावर. चार वर्षं उत्तरं लिहिली, जी माझी नव्हती. पुढे कधीतरी वाचलं की इटलीतली शहरं बाराव्या शतकाच्या शेवटी बाहेरगावचा माणूस ‘पोदेस्ता’ म्हणून ठराविक मुदतीने आणायला लागली. गावातल्या कुठल्याच घराण्याचा तो नसावा म्हणून बाहेरचा. आणि मुदत संपली की त्याला लगेच निघता येत नसे. चौकशी बसायची, ज्याची तक्रार असेल त्याने यायचं, हिशेब निस्तरला की मग गावाबाहेर पाऊल. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो. धनाढ्यांची टोळी आपल्याच कारभाऱ्याला असं वेशीत अडवून धरेल का?

उरला लोदी आणि कोमोचा मुद्दा. मिलानने लोदी ११११ मध्ये पाडलं, कोमो ११२७ मध्ये, हे मला ठाऊक आहे. लेख संघावर होता, मिलानच्या चरित्रावर नव्हता. कुठेतरी थांबावं लागतं. बायका आणि कुळांबद्दल म्हणाल, तर त्या काळात युरोपातल्या कुठल्या दरबारात त्यांना जागा होती? यावर जास्त लिहीत नाही.

मात्र एक गोष्ट लिहितो. मुलीकडे मिलानला गेलो होतो, तेव्हा तिथल्या किल्ल्यातल्या संग्रहालयात रोमन वेशीवरचे, म्हणजे रोमकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या वेशीचे, कोरीव दगड पाहिले. ११७१ मध्ये नवी वेस बांधली तेव्हाचे ते. माणसांची रांग दारातून आत चालली आहे, शहराकडे परत. चेहरे जवळजवळ सारखे, बोजड, डोळे मोठे, कोणीच शूरबिर दिसत नाही. एखाद्या पाथरवटाने शेजाऱ्यापाजाऱ्यांना कोरावं तसे. आणि हे लक्षात घ्या : ११६२ मध्ये पाडापाडीची कामं वाटून दिली होती, तेव्हा रोमन वेशीचा भाग क्रेमोनाच्या वाट्याला आला होता. तेच क्रेमोना पाच वर्षांनी मिलानी लोकांना आणून सोडणाऱ्यांत होतं. आपलं लोदीही त्याच साली संघात आलं. दबावाखाली आलं हे खरं, पण आलं. ज्यांनी एकमेकांची घरं पाडली ते एका शपथेला उभे राहिले, हे माझ्या लेखाचं म्हणणं होतं. आपण लेख शेवटपर्यंत वाचलात की नाही, अशी मला शंका आहे.

शब्द मी बदलणार नाही. लोदीवर आपल्याकडे सविस्तर लिहिण्यासारखं असेल तर खऱ्या नावाने पाठवा, याच जागी छापतो आणि एक अक्षर गाळणार नाही. फक्त ‘घरबसल्या’ तेवढं मागे घ्या.