ब्रिटनचे ‘वाचलेले’ ३५ कोटी पौंड : एक खुलासा

युरोपीय संघातून बाहेर पडल्यामुळे ब्रिटनचे दर आठवड्याला ३५ कोटी पौंड वाचतात आणि ते सरकारी आरोग्यसेवेला मिळतात, असा दावा पुन्हा फिरत आहे. २०१६च्या सार्वमताच्या प्रचारातला हा आकडा तेव्हाही चुकीचाच होता. सदस्य म्हणून ब्रिटन संघाला जी वर्गणी देत असे, तीत १९८४मध्ये तत्कालीन पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी मिळवलेली सवलत त्यातून वजा केलेली नव्हती. ती रक्कम ब्रिटनबाहेर कधी जातच नव्हती. सवलत धरल्यास आकडा सुमारे २५ कोटींवर येतो आणि त्यातूनही शेतकऱ्यांना व मागास भागांना मिळणारे अनुदान परत येत असे. ब्रिटनच्या सांख्यिकी प्राधिकरणाच्या अध्यक्षांनी २०१७मध्ये हा आकडा पुन्हा वापरणारे तत्कालीन परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन यांना पत्र लिहून हा अधिकृत आकडेवारीचा उघड गैरवापर असल्याचे बजावले होते.

मात्र केवळ वर्गणीवरून नफातोटा ठरवणे हीच मूळ चूक आहे, कारण खरा परिणाम व्यापारावर होतो. जानेवारी २०२१पासून सीमेवर जकात घोषणापत्रे व तपासण्या आल्या आणि त्यांचा भार छोट्या निर्यातदारांना सर्वाधिक जाणवला. ब्रिटनच्याच अर्थसंकल्पीय उत्तरदायित्व कार्यालयाच्या अंदाजानुसार, संघात राहिल्यास असती त्यापेक्षा देशाची उत्पादकता दीर्घकाळात सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहील. उत्पादकता घटली की करउत्पन्नही घटते, आणि आरोग्यसेवेचा पैसा तिथूनच येतो.

स्वतंत्र व्यापारकरार करण्याची मोकळीक ब्रिटनला मिळाली, हे मात्र खरे आहे. जुलै २०२५मध्ये भारताशी झालेला करार संघात राहून त्याला स्वतंत्रपणे करता आला नसता.