पाचारण आहे, म्हणून सुट्टी नाही?

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एखादा सेवक थकला की त्याला दोन गोष्टी हमखास ऐकवल्या जातात. प्रार्थना वाढवा, आणि देवाने तुम्हाला पाचारण केलंय, या सेवेसाठी बोलावलंय, हे विसरू नका. दोन्ही खऱ्या आहेत. पण थकलेल्या माणसाच्या पाठीवर त्या चाबकासारख्या बसतात. माझं मत सरळ आहे: विसावा म्हणजे सेवा संपल्यावर मिळायची बक्षिसी नव्हे. तो सेवेच्या मांडणीतच बसवावा लागतो, आणि तोही कागदावर, नावं आणि तारखा घालून.

हे आजकालचं फॅड वाटत असेल तर बायबलमधल्या गणना पुस्तकाचा ७ वा अध्याय उघडा. निवासमंडप, म्हणजे इस्राएल लोकांचा उपासनेचा फिरता तंबू, वाहून न्यायचं काम लेवी वंशाच्या तीन घराण्यांकडे होतं आणि त्यासाठी ६ गाड्या, १२ बैल आले. त्यांचा पुढारी मोशे याने ते सरसकट वाटले नाहीत. पडदे आणि कनाती नेणाऱ्या गेर्षोनाच्या वंशजांना २ गाड्या व ४ बैल. फळ्या, अडसर, खांब असलं जड सामान मरारीच्या वंशजांकडे, म्हणून त्यांना ४ गाड्या व ८ बैल. कहाथाच्या वंशजांना एकही नाही, कारण पवित्र वस्तू खांद्यावरूनच न्यायच्या होत्या. म्हणजे ओझं किती आणि कसलं, हे बघून मदत ठरली. पुढच्याच अध्यायात वयाची अट आहे: २५ व्या वर्षापासून सेवा, ५० व्या वर्षी ती थांबवायची. त्यानंतर भाऊबंदांना हातभार लावायचा, पण ते काम करायचं नाही. आपल्याकडे मात्र खजिनदार एकदा झाला की तो कायमचाच.

दावीद राजाने याजकांचे (पुरोहितांचे) २४ वर्ग पाडले आणि सेवा पाळीने आली. लूकच्या शुभवर्तमानातल्या पहिल्या अध्यायातला याजक जखऱ्या त्यांपैकी अबीयाच्या वर्गातला. त्याला मंदिरात देवदूत दिसला, वाचा गेली, आणि तरीही सेवेचे दिवस पुरे झाल्यावर तो घरी गेला. एवढा मोठा अनुभव आला म्हणून त्याने मुक्काम वाढवला नाही. आपल्याकडे असं काही घडलं असतं तर दुसऱ्याच दिवशी २१ दिवसांची उपवास-प्रार्थना जाहीर झाली असती, आणि चटया घालायला नेहमीचीच चार माणसं.

मोशेचा सासरा इथ्रो याचा सल्ला (निर्गम १८) सगळ्यांना पाठ असतो: हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक नेमा. पण त्यातलं एक वाक्य सहसा निसटतं. तो मोशेला म्हणतो की तूही थकशील आणि हे लोकही थकतील. सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायासाठी रांगेत उभे असणारेही दमतात. सगळं स्वतःच करणारा पाळक (पास्टर) स्वतः तर झिजतोच, वर मंडळीला ताटकळत ठेवतो.

आता प्रत्यक्षात काय करायचं ते. कमिटीने एक संध्याकाळ काढावी आणि मंडळीतली सगळी कामं लिहावीत. साउंड, गायनाची तयारी, संडेस्कूल, आजाऱ्यांच्या भेटी, प्रभुभोजनाची (भाकर-द्राक्षरसाच्या विधीची) तयारी, दानाची मोजणी, झाडलोट, अगदी किल्ल्यासुद्धा. प्रत्येक कामापुढे चार रकाने: कोण करतं, आठवड्याला किती तास, कधीपासून, आणि ती व्यक्ती नसेल तर कोण. चौथा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा राहतो. खरं दुखणं तिथेच आहे. इमारतीची एकच किल्ली एकाच माणसाच्या खिशात असेल, तर त्याला शनिवारी रात्री बाहेरगावी जाता येत नाही. तो कितीही आत्म्याने भरलेला असू दे. दुसरी किल्ली करून घ्या. हेही आत्मिक काम आहे.

एकाच नावापुढे तीन कामं दिसली तर त्यातली दोन काढा. कोणती काढायची हे त्या व्यक्तीलाच विचारा. प्रत्येक जबाबदारीला मुदत घाला, वर्ष किंवा दोन वर्षं, आणि शेवटची तारीख पहिल्याच दिवशी सांगा. शेवटचे दोन महिने नवा माणूस सोबत काम करेल. पहिला महिना जुना करतो आणि नवा बघतो, दुसऱ्या महिन्यात उलट. बिघडतं ते यानंतर. जुना माणूस मागून सूचना देत राहतो, आणि नवा महिनाभरात सोडून जातो. मग सगळे म्हणतात, बघा, दुसरं कोणी टिकतच नाही.

माणसं शोधताना व्यासपीठावरून सरसकट आवाहन करू नका. त्याला तेच हात वर होतात ज्यांच्यावर आधीच तीन कामं आहेत. एकेकाला गाठून विचारा: हे काम, आठवड्याला दोन तास, अमुक तारखेपर्यंत, जमेल का? ‘नाही’ आलं तर कारण विचारू नका.

पाळकांचा हिशेब वेगळा. एका संदेशाच्या नीट तयारीला ८-१० तास सहज जातात. त्यात घरभेटी, दवाखाना, मिटिंगा, अंत्यविधी. रविवार हा त्यांचा विश्रांतीचा दिवस नव्हेच. आठवड्यातला दुसरा एक पूर्ण दिवस ठरवा, मंडळीत जाहीर करा, आणि त्या दिवशी फोन मंडळीच्या एका वडिलांकडे (एल्डरकडे) द्या. त्याच दिवशी अंत्यविधी आला तर सुट्टी त्याच आठवड्यात पुढे सरकवा, बुडवू नका. आणि पाळकांच्या पत्नीला फुकटात मिळालेली दुसरी कर्मचारी समजणं बंद करा. रिट्रीटला पाठवलं म्हणजे विश्रांती झाली, असंही नाही. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत सत्रं असतील तर ते आणखी एक काम झालं.

एलीया संदेष्ट्याशी देव कसा वागला, तो क्रम पाहा (१ राजे १९). रतामाच्या झुडपाखाली तो मरण मागतोय. आधी झोप, मग भाकर आणि पाणी, पुन्हा झोप, पुन्हा खाणं. प्रश्न विचारला तो थेट होरेब डोंगरावर पोचल्यावर. आणि मग नवी कामं देताना त्यातच अलीशाचा अभिषेक, म्हणजे जागा घेणारा माणूस. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर प्रार्थनेसोबत डॉक्टरही हवा, तोही लवकर. त्याला विश्वासाची कमतरता म्हणणारे झुडपाखालचं दृश्य वाचत नाहीत.

यावर कोणी प्रेषित पौलाचं नाव काढतं. त्याने जागरणं सोसली, उपासमार सोसली, खरंच आहे. पण तोच पौल आपला सहकारी एपफ्रदीत याला परत पाठवतो. तो मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला होता, म्हणून फिलिप्पै इथल्या मंडळीकडे घरी. शिवाय लिहितो की त्याचं आनंदाने स्वागत करा, अशांना मान द्या. काम अर्धवट सोडून आला, असा सूर नाही. आपल्याकडे कोणी सहा महिने संडेस्कूलमधून रजा मागितली की कुजबुज सुरू होते: काही भांडण झालं का? त्यापेक्षा नेमणूक जशी उपासनेत जाहीर होते, तशीच रजाही जाहीर करा, त्या व्यक्तीसाठी प्रार्थना करा, आणि सहा महिने तिला कुठल्याही कामासाठी फोन करू नका.