मीटर मागे फिरवणाऱ्यांनो, किंमत कशावर ठरवायची ते तरी सांगा

जुन्या गाड्यांच्या बाजारात हल्ली एकच आकडा चालतो. साठ हजार किलोमीटर. २०१२ ची घ्या, २०१४ ची घ्या, मीटरवर ५८ नाहीतर ६४ हजार. अरे, डिझेल गाडी त्या काळी कोण घेत होतं? ज्याचं रनिंग जास्त तोच ना? पेट्रोलपेक्षा लाखभर जास्त मोजायचे आणि दहा-बारा वर्षांत साठ हजार फिरवायची, अशी माणसं महाराष्ट्रात असतील किती? आणि ती सगळी एकदम गाड्या विकायला निघाली?

डोकं फिरलंय माझं. आई-बाबांना वाईहून साताऱ्याला दवाखान्यात न्यायला दोन-अडीच लाखांत एक धड चालणारी गाडी हवी आहे. नवीन घ्यायची ऐपत नाही आणि त्याची मला लाज वाटत नाही. जास्त चाललेली असली तरी चालेल, हे मी प्रत्येकाला फोनवरच सांगतो. तरी एक जण खरं बोलेल तर शपथ.

परवा एका डीलरकडे २०१३ ची डिझेल डिझायर बघितली. "साहेब, डॉक्टरांची गाडी, सिंगल ओनर, एक रुपयाचं काम नाही." मीटरवर ६७ हजार. मी आत वाकून बघितलं तर ब्रेकच्या पॅडलचं रबर एका कोपऱ्यात इतकं झिजलेलं की खालचं लोखंड दिसत होतं. ड्रायव्हर सीटची दाराकडची बाजू पार बसलेली. स्टिअरिंगला नवीन कव्हर, ते सरकवलं तर खाली सगळं गुळगुळीत. आणि दार पूर्ण उघडल्यावर आतल्या पत्र्यावर कुठल्याशा गॅरेजचा ऑइल बदलल्याचा स्टिकर, नखाने अर्धा खरवडलेला. तारीख गेली होती, पण 'पुढील सर्व्हिस' समोरचा आकडा शाबूत होता. १,८२,०००. मी त्यावर बोट ठेवलं. तर हा म्हणतो, "गॅरेजवाल्याने चुकून लिहिलं असेल." वर आवाज चढवून, "घ्यायची असेल तर बोला, टाइमपास करू नका." चोराच्या उलट्या बोंबा! आणि मागत होता किती? तीन लाख चाळीस. फायनल.

मला राग त्या १,८२,००० चा नाही, हे नीट समजून घ्या. त्या गाडीत १२४८ सीसीचं इंजिन आहे. वेळच्या वेळी ऑइल बदललं असेल तर ते दोन लाखांच्या पुढेही व्यवस्थित चालतं, हे कुठलाही जुना मेकॅनिक सांगेल. पण पावणेदोन लाख चाललेल्या गाडीचं क्लचचं काम एकदा तरी झालेलं असायला हवं. शॉकअप, लोअर आर्म, बुश बदललेले असायला हवेत. झालंय की व्हायचंय, एवढ्यावर सगळी किंमत अवलंबून असते. झालं असेल तर मी आनंदाने जास्त देईन. व्हायचं असेल तर तो खर्च माझ्या खिशातून जाणार, मग तो किंमतीतून वजा व्हायलाच हवा. इतका साधा हिशोब आहे. पण मीटर मागे घेतलं की त्याबरोबर हा सगळा इतिहासच पुसला जातो. 'अजून साठ हजारच झालेत, क्लच कशाला बदलायचा' असं म्हणणाऱ्या माणसाकडे क्लचचं बिल कसं असेल?

आमच्या मेकॅनिकने त्याच गाडीचा कागदावर हिशोब करून दिला. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, मजुरी धरून दहा हजारांच्या पुढे. पुढचं सस्पेन्शन बारा-पंधरा हजार. बॅटरी पाच. टायर चारही. डीलर म्हणत होता "नवेच टाकलेत", पण पॉलिश मारून काळे केलेल्या टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तिथे १४१९ होतं. म्हणजे २०१९ च्या चौदाव्या आठवड्यात बनलेले टायर! त्यांचे सोळा-सतरा हजार धरा. पंचेचाळीस-पन्नास हजार इथेच झाले. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढल्यावर भसाभसा धूर आला, म्हणजे बॅक कॉम्प्रेशन, इंजिन आतून झिजून जळालेला वायू खाली गळायला लागलेला, तर तो वेगळाच विषय. त्या खर्चाला आकडा लावायला मेकॅनिकही तयार नाही.

यावर डीलरचं उत्तर काय, तर "पॉलिसी बघा ना, आयडीव्ही तीन लाख दहा आहे." अहो, आयडीव्ही म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत. त्यासाठीचा विमा कंपन्यांचा घसाऱ्याचा ठरलेला तक्ता पाच वर्षांवर संपतो. चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के, आणि त्यापुढे विमा कंपनी आणि मालक आपसात ठरवतील ती रक्कम. म्हणजे बारा वर्षांच्या गाडीच्या पॉलिसीवर छापलेला आकडा हा दोघांनी मिळून ठरवलेला आकडा आहे. थोडा हप्ता जास्त भरला की तो वाढवून घेता येतो. त्याला बाजारभाव म्हणून माझ्या तोंडावर काय फेकता?

ऑनलाइन किंमत काढायला जा, तिथे मॉडेल, वर्ष आणि किलोमीटर विचारतात. किलोमीटर कुठून आणायचे? त्याच मीटरवरून. खोटा आकडा भरला की खोटी किंमत बाहेर येते, आणि मग ती मोबाईलवर दाखवून "बघा, साइटच सांगतेय" म्हणायला हे मोकळे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या. जुन्यांचे भाव त्या हिशोबाने उतरायला नकोत? तिथे मात्र "नव्याचं नव्याला" असं म्हणून हात वर. २०१३ च्या गाडीची पंधरा वर्षं २०२८ ला भरणार. मग फिटनेस, नोंदणीचं नूतनीकरण, २०२२ पासून त्याची फीच पाच हजार झालीय, वर पर्यावरण कर. यातलं एक अक्षर किंमत सांगताना कोणी काढत नाही.

आणि टॅक्सीला चालवून पांढरी पाटी केलेल्या गाड्या तर विचारूच नका. वर्षाला पन्नास-साठ हजार पळालेली गाडी 'घरची फॅमिली गाडी' म्हणून उभी असते.

सगळ्यात चीड कशाची आली सांगू? एक निवृत्त काका भेटले, कराडजवळचे. वॅगन आर, १,५६,००० किलोमीटर, आणि पहिल्या दिवसापासूनची सगळी बिलं फायलीत लावलेली. क्लच कधी बदलला, रेडिएटर कधी, टायर कधी, सगळं तारखेनिशी. त्यांना लोक फोनवर किलोमीटर ऐकूनच नकार देतात. एका एजंटने त्यांना सांगितलं, "काका, मीटर सत्तरवर आणून देतो, दोन-तीन हजारांत काम होतं. मग बघा गिऱ्हाईक कसं येतं." काकांनी त्याला फाटकाबाहेर काढलं. गाडी अजून तशीच उभी आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

यात आपलाही दोष आहे. गाडी बघायला गेलेला माणूस पहिला प्रश्न काय विचारतो? "किती चाललीय?" काय काय बदललंय, बिलं आहेत का, शेवटचं ऑइल कधी, हे विचारणारा दहातला एक. ऐंशी हजारांच्या वरचा आकडा ऐकला की तोंड वाकडं करायचं, आणि साठ ऐकलं की मान डोलवायची. म्हणून तर बाजारात साठ हजारवाल्या गाड्यांची रांग लागली आहे.

बेल्जियममध्ये २००६ पासून जुनी गाडी विकताना किलोमीटरच्या नोंदींचा दाखला द्यावाच लागतो, कार-पास म्हणतात त्याला. इंग्लंडमध्ये गाडीच्या वार्षिक तपासणीत मीटरचा आकडा नोंदवतात, आणि गाडीचा नंबर टाकला की कोणीही तो इतिहास फुकट बघू शकतो. आपल्याकडे सरकारच्या 'वाहन' या ऑनलाइन नोंदणीत मालक कितवा, कर्ज आहे का, विमा कधी संपतो, सगळं दिसतं. किलोमीटर तेवढे नाहीत! आणि ते नोंदवायला वेगळी यंत्रणा उभारायची गरजसुद्धा नाही. पेट्रोल-डिझेलच्या प्रत्येक जुन्या गाडीला वर्षातून एकदा तरी पीयूसीला, म्हणजे धुराच्या तपासणीला, जावंच लागतं. तिथला माणूस नंबर प्लेटचा फोटो काढून अपलोड करतोच. परिवहन खात्याने त्याला दुसरा फोटो मीटरचा काढायला लावावा, आणि तो आकडा गाडीच्या नंबरासमोर सगळ्यांना दिसू द्यावा.