दात्याच्या स्टेम सेलनं गुडघ्याची गादी ‘नव्यानं उगवते’ हे खरं नाही

नातेवाइकांच्या ग्रुपांत सध्या या अर्थाचा मेसेज फिरतो आहे: ‘वाटी बदलू नका. दात्याच्या स्टेम सेलचं एक इंजेक्शन घ्या, झिजलेली गादी नव्यानं उगवते. कोरियात २०१२पासून वापरात. भारतात सरकारमान्य. साइड इफेक्ट शून्य.’ यावर विसंबून कुणी एफडी मोडायला निघालं असेल, तर आधी हे वाचावं.

गादी उगवते, हाच मुख्य दावा. ही गादी म्हणजे सांध्यातली कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, पेशीही फार विरळ असतात. म्हणून ती एकदा खराब झाली की आपली आपण नीट भरून येत नाही. मग दात्याच्या, म्हणजे दुसऱ्या व्यक्तीकडून घेतलेल्या, स्टेम सेल (इतर प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी) आत जाऊन तिथे कूर्चा बनतात का? नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या डॉक्टरांनी हे तपासलं. कूर्चेत खड्डा पडलेल्या रुग्णांच्या गुडघ्यात त्यांनी दात्याच्या अस्थिमज्जेतल्या पेशी रुग्णाच्याच कूर्चापेशींत मिसळून शस्त्रक्रियेनं बसवल्या. वर्षभरानं तिथला तुकडा काढून पाहिला, तर खड्डा बऱ्यापैकी भरला होता, पण नव्या ऊतीत दात्याचा डीएनए सापडला नाही. दात्याच्या पेशी मुकादमासारख्या आल्या, रुग्णाच्या पेशींना कामाला लावून निघून गेल्या. मला हे संशोधन फार मोलाचं वाटतं. पण तो मर्यादित आकाराचा खड्डा होता. पासष्टीतल्या गुडघ्यात सगळीकडेच झीज झालेली असते, तिथे कामाला लावायला धड कूर्चाच कमी उरलेली असते.

कोरियाचा दाखला खरा आहे, पण तो इंजेक्शनचा नाही. तिथलं ‘कार्टिस्टेम’ नाळेच्या रक्तातल्या पेशींपासून बनतं. गुडघ्यावर शस्त्रक्रिया करून, हाडात छोटी भोकं पाडून, त्यांत ते जेलसकट भरतात. त्यानंतर काही आठवडे त्या पायावर पूर्ण भार टाकता येत नाही.

इंजेक्शनचं काय? अमेरिकेत सुमारे ४७५ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन प्रकारच्या पेशींची तुलना साध्या स्टेरॉइड इंजेक्शनशी केली. त्यात नाळेपासून मिळवलेल्या, म्हणजे दात्याच्या पेशीही होत्या. वर्षभरानं वेदनेत कुठल्याही पेशी स्टेरॉइडपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

‘सरकारमान्य’ हा शब्द मात्र नीट उलगडायला हवा. २०२२मध्ये आपल्या औषध महानियंत्रकांनी बंगळुरूच्या ‘स्टेम्प्युटिक्स’ कंपनीच्या दात्याच्या पेशींपासून बनलेल्या औषधाला गुडघ्याच्या संधिवातासाठी मान्यता दिली, ती दुसऱ्या आणि तिसऱ्या ग्रेडसाठी (ग्रेड म्हणजे एक्स-रेवरून ठरणारी झिजेची पायरी). हाडाला हाड घासू लागलेली चौथी ग्रेड त्यात नाही, आणि वाटी बदलायला सांगतात ती बहुधा याच ग्रेडला. १४६ रुग्णांच्या चाचणीत एका इंजेक्शननं वर्षभरात वेदना आणि हालचाल सुधारली. एमआरआयमध्ये औषध घेतलेल्यांची खोलवरची कूर्चा आणखी बिघडली नाही, औषध न दिलेल्या गटात बिघडली. झीज थोपवणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण ती गादी उगवणं नव्हे. शिवाय मान्यता त्या एका औषधाला आहे, गल्लोगल्लीच्या ‘स्टेम सेल सेंटर’ना नाही.

साइड इफेक्ट शून्य? मान्यताप्राप्त चाचण्यांत बहुतेक त्रास सूज आणि दुखण्यापुरताच राहिला, हे खरं. पण २०१८मध्ये अमेरिकेत नाळेच्या रक्तापासून बनवलेलं, मान्यता नसलेलं उत्पादन टोचून घेतलेल्या १२ जणांना रक्तात किंवा सांध्यात जंतुसंसर्ग झाला. सगळ्यांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. दोष जंतू शिरलेल्या कुप्यांचा होता.

म्हणून कुणी दात्याच्या पेशी सुचवल्या, तर आपली ग्रेड एक्स-रे पाहून कुठली ठरली ते विचारा. औषधाचं नाव, बॅच नंबर आणि कुठल्या आजारासाठी मान्यता आहे हे लेखी मागा. ‘आमच्याच लॅबमध्ये बनवतो’ असं उत्तर आलं, तर पैसे भरू नका.